यादीत नसलेली लेबर रूम

आई,

पंधरा दिवसांपूर्वी ताईची मुलगी दोन दिवस माझ्याकडे लातूरला राहून गेली. तू गेलीस तेव्हा ती पहिलीत होती. तुझ्या ड्युटीच्या पांढऱ्या बुटांत पाय घालून घरभर फिरायची, तीच. आता डॉक्टर झाली आहे. इंटर्नशिप संपली, पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेत चांगला नंबर आला, आणि तिलाही माझ्यासारखं बाळंतपणाचंच शास्त्र शिकायचं आहे. संध्याकाळी मी चहा ठेवला होता आणि ती ओट्याला टेकून मोबाइलवर एक यादी वर-खाली करत होती. देशातली उत्तम हॉस्पिटलं, क्रमांकानं. म्हणाली, "मावशी, सोपंय ना गं? फॉर्ममध्ये हीच यादी वरून खाली भरत जायची. जिथं लागेल तिथं जायचं. तू पण असंच केलं होतंस ना?" मी हो म्हटलं, आणि चहात साखर दुसऱ्यांदा घातली. दोघींनी तो तसाच गोड चहा प्यायला. तिला वाटलं असेल मावशीला असाच लागतो.

तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. सतरा वर्षं झाली तुला जाऊन, आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले. पण या एका विषयावर कधी नाही. त्याच्या आसपास गेलं की मी दुसरंच काहीतरी काम काढते.

मुदखेडचं आपलं रेल्वेचं क्वार्टर मला अजून नीट दिसतं. बाबांची ड्युटी जंक्शनवर, तुझी नांदेडला सरकारी हॉस्पिटलात. रोज सकाळच्या पॅसेंजरनं तू जायचीस आणि परतीची गाडी जशी येईल तशी यायचीस. त्या दिवशी तुला सुट्टी आहे. तू येसराच्या पिठाची आमटी करते आहेस, आणि मी उंबऱ्यावर बसून एका इंग्रजी साप्ताहिकाचा खास अंक तुला मराठीत करून सांगते आहे. पुढच्या शिक्षणासाठी माझ्यापुढे दोन जागा होत्या. एक नांदेडला, तुझ्याच हॉस्पिटलात. दुसरी फार लांबच्या एका मोठ्या शहरात, ज्याचं नाव त्या अंकात अगदी वर छापलं होतं अशा हॉस्पिटलात. किती खाटा, कसली यंत्रं, कोणकोणते नामवंत डॉक्टर, सगळं मी वाचून दाखवलं. तू ऐकत होतीस. मग पळी बाजूला ठेवून विचारलंस, "शिकणाऱ्या पोरींना काय करू देतेत, ते लिवलंय का त्यात?"

"आई, तिथं देशातले सगळ्यात मोठे डॉक्टर शिकवतात."

"असतील की. पर मोठ्या डॉक्टरकडं जी बाई येती ती त्येच्या नावाला येती. तिला त्येचाच हात पायजे असतो. मग तुझ्या हाताला काय लागंल?"

मला राग आला. आज विचार केला तर कळतं, तू बरोबर बोलत होतीस म्हणून नव्हे, तू मला प्रश्न विचारतेस याचाच राग आला. सोलापूरला साडेपाच वर्षं राहून, परीक्षा देऊन, नंबर काढून मी आले होते, आणि इस्लापूरच्या शेतकऱ्याच्या घरातून नर्सिंगचा कोर्स करून आलेली माझी आई मला हॉस्पिटल कसं निवडायचं ते सांगत होती. मी म्हटलं, "तुझी लेबर रूम कुठल्याच यादीत नाही, आई. आणि तू काही डॉक्टर नाहीस."

तू माझ्याकडे बघितलंस. भांडशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालीस, "खरं हाय. मी डॉक्टर न्हाई." आणि भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात घातलीस. थोड्या वेळानं, जसं काही झालंच नाही अशा आवाजात, म्हणालीस, "एक दिवस ये माझ्यासंग. आमच्या मॅडमला भेट, चार तास हुबी ऱ्हा, काय चालतंय ते बघ. मग तुला जिथं जायचं तिथं जा." मी येते म्हटलं. गेले नाही. त्या आठवड्यात मी मोठ्या हॉस्पिटलला होकार कळवून टाकला आणि तुला सांगितलं की मुदत संपत होती. मुदत अजून चार दिवस होती.

खरं तर तुझी लेबर रूम मला माहीत नव्हती असं नाही. आठवीत असताना एकदा तू डबा विसरलीस म्हणून बाबांनी मला गाडीत बसवून दिलं होतं. ड्युटीरूममध्ये बाकड्यावर बसून मी तुझी वाट बघत होते. दाराला हिरवा पडदा होता, त्यामुळे दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं. एक बाई कण्हत होती आणि तू तिला अहो-जाहो करत होतीस; घरी तू आम्हाला सुद्धा इतक्या हळू आवाजात बोलायची नाहीस. मग तुझा आवाज एकदम बदलला. कुणा शिकाऊ डॉक्टरला म्हणालीस, "हात मागं घ्या, डॉक्टर. घाई तुम्हाला हाय, बाळाला न्हाई. आता माझ्या हातावर हात ठेवा. कळलं का डोकं कुठं फिरतंय? आता तुम्ही." थोड्या वेळानं बाळ रडलं आणि तो मुलगा, म्हणजे तो डॉक्टर, पडद्याबाहेर आला तर त्याचं तोंड असं फुललेलं, की जणू त्यालाच काही झालं होतं. तू मागून आलीस, हात धुतलेस आणि मला म्हणालीस, "डबा उघडला न्हाईस ना वाटंत?" हे सगळं मला ठाऊक होतं. तरी छापलेल्या यादीपुढं ते टिकलं नाही.

निघायच्या दिवशी नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर तू पिशवीतून एक बाहुली काढलीस. तुझ्या जुन्या युनिफॉर्मच्या पांढऱ्या साडीची, आत कापूस, डोकं खऱ्या तान्ह्या बाळाएवढं, आणि हात खांद्यात नि कोपरात दुमडतील असे शिवलेले. "हे काय गं?" मी विचारलं. "बाळ हाय. रिकामी बसलीस की हातात घ्यायचं. डोळे मिटून फिरवायचं. खांदा कुठं, कोपर कुठं, हाताला कळलं पायजे." शेजारी माझी एक मैत्रीण उभी होती. ती हसली, मग मीही हसले. बॅगेत जागा नाही म्हणून ती बाहुली मी बाबांच्या हातात परत दिली. तू खिडकीशी उभी राहून पाण्याची बाटली दोनदा तपासलीस, झाकण घट्ट आहे का म्हणून.

त्या हॉस्पिटलबद्दल मी वाईट बोलणार नाही, आई. ते खरोखर चांगलं होतं. स्वच्छता अशी की मी आजही कुठं हात धुतल्याशिवाय पेशंटला शिवत नाही. प्रत्येक बाईची नाडी, रक्तदाब, लघवी, सगळं तक्त्यावर वेळच्या वेळी लिहिलं जायचं, आणि कुठला आकडा वाढला की कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असायचं. बाळ मोठं दिसलं, पायाळू दिसलं, जराही शंका आली, की आधीच सिझेरियन. म्हणून तर तिथं बाया नि बाळं सुखरूप घरी जायची आणि म्हणून तर यादीत नाव वर होतं. यादी खोटी नव्हती. ती पेशंटसाठी केलेली होती, शिकणाऱ्यासाठी नाही, एवढंच. प्रत्येक बाई कुणा तरी मोठ्या डॉक्टरच्या नावानं आलेली. बाळ बाहेर यायच्या वेळेला ते स्वतः यायचे, मी शेजारी उभी राहायची, वस्तू हातात द्यायची, नंतर फाईल लिहायची. तीन वर्षांत माझं अक्षर फार सुधारलं. शेवटच्या वर्षी एका मैत्रिणीचं पत्र आलं, ती तुझ्या नांदेडला लागली होती. झोप नाही, जेवण नाही, पाय सुजलेत, मॅडम ओरडतात, असं सगळं लिहून खाली लिहिलं होतं की आता अडलेल्या बाळंतिणीची भीती वाटत नाही. मला वाटलं, बढाई मारते आहे.

शिकून परत आले तेव्हा मला लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी नोकरी मिळाली. पहिल्याच महिन्यात मी तिथं तो तक्ता सुरू केला. एका बाळंतिणीची नाडी हळूहळू चढताना दिसली, बाकी ती हसत-बोलत होती, पण मी तिला गाडीत घालून लातूरला पाठवलं. आत रक्तस्राव होत होता, ती वाचली. सुट्टीत मुदखेडला येऊन तुला सांगितलं तेव्हा तू तो तक्ता हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसलीस. "हे लई चांगलं शिकून आलीस," म्हणालीस, आणि एक कोरा कागद आपल्या मॅडमला दाखवायला घेऊन गेलीस. तुझं मन एवढं मोठं होतं. मी मात्र त्या दिवशी मनात म्हटलं, बघ, कोण बरोबर होतं.

मग ती दुपार आली. जेवणं नुकतीच झाली होती. एक बाई आली, दुसऱ्या खेपेची, कळा जोरात. सगळं सुरळीत चाललेलं. डोकं बाहेर आलं आणि थांबलं. आलेलं डोकं कासवासारखं पुन्हा आत ओढल्यासारखं झालं. खांदा अडकला होता. मला त्याचं इंग्रजी नाव ठाऊक होतं, काय करायचं त्याच्या पायऱ्या परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण मोठ्या हॉस्पिटलात अशी वेळ येऊच देत नसत. मी ते फक्त प्लास्टिकच्या पुतळ्यावर एकदा केलं होतं, तेही गर्दीत मागं उभी राहून. माझ्या हातांना काहीच आठवलं नाही. मी बाळाचं डोकं धरून ओढलं. नाही आलं. आणखी जोरात ओढलं. तिथली सिस्टर, वयानं तुझ्याएवढीच, म्हणाली, "मॅडम, ओढू नका." मी ऐकलं नाही. मग तिनं मला खांद्यानं सरळ बाजूला केलं, आयाला हाक मारली, दोघींनी त्या बाईच्या मांड्या वर पोटाला लावल्या, सिस्टरनं ओटीपोटावर तळहातानं दाब दिला, आणि खांदा सुटला. बाळ निळं पडलं होतं. ते मी रडवलं, तेवढं मला येत होतं. मुलगी होती. तिचा उजवा हात हलत नव्हता.

त्या आठवड्यात मी मुदखेडला आले ते तोंड पाडूनच. तू विचारलंस, मी सांगितलं, की बाळ फार मोठं होतं, खांदा अडकला, हाताची शीर दुखावली, होतं असं कधीकधी. तू भाजी निवडत होतीस. वर न बघता विचारलंस, "मांड्या पोटाला लावल्या होत्या का आधी?"

"हो."

"आन् वरून दाब?"

"हो, आई. सगळं केलं."

"डोकं ओढलं तर न्हाईस?"

"नाही."

तुला कळलं होतं. तीस वर्षं तू त्या एका खोलीत काढली होतीस, खोटं बोलणारे डॉक्टर तुला काय नवीन? पण मला उघडं पाडलं नाहीस. फक्त म्हणालीस, "तुला गुरुवारी सुट्टी असती ना? ये माझ्यासंग. चार-सहा गुरुवार नुसती हुबी ऱ्हा. हाताला सवय होऊन जाईल. कुणाला काय सांगायचं न्हाई." मी बघू म्हटलं. स्पेशालिस्ट डॉक्टर, पाटीवर नाव असलेली, आणि आपल्या आईच्या हाताखाली, तेही एका नर्सच्या, माझ्याहून लहान पोरांसमोर उभी राहणार? पुढचा गुरुवार मी कामात आहे म्हणून टाळला. त्याच्या पुढच्या गुरुवारी कॅम्प होता. मग तू विचारायचं बंद केलंस. मला वाटलं विसरलीस.

सहा महिन्यांनी तू मुदखेडच्या स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत बाकड्यावर बसली होतीस आणि तशीच कलंडलीस. मेंदूत रक्तस्राव. तुला तुझ्याच हॉस्पिटलात नेलं. मी तालुक्याच्या गावाहून पोचेपर्यंत दुपार झाली होती. तू मला ओळखलंस की नाही हे मला आजही सांगता येत नाही. तुझा एक हात हलत होता, चादरीवर काहीतरी चाचपत. मी तो हातात धरला तरी तो थांबला नाही.

दिवसवार झाल्यावर एका गुरुवारी मी नांदेडला गेले. का गेले ते मलाच नीट माहीत नव्हतं. तुझ्या मॅडम लेबर रूमच्या दाराशीच भेटल्या, चष्मा कपाळावर, हातात कुणाचा तरी कागद. मी कोण ते सांगितलं. मला आत यायचंय, उभं राहायचंय, परवानगी हवी आहे, असं चाचरत बोलले. त्या म्हणाल्या, "परवानगी केव्हाच दिली आहे. सहा महिने झाले. तुमच्या आईनं विचारून ठेवलं होतं. म्हणाल्या, 'मॅडम, गुरुवारी एक डॉक्टर येतील. त्यांना डॉक्टर म्हणूनच बोला. माझी पोरगी हाय ते कुणाला सांगू नका.' मी किती गुरुवार वाट बघितली." मग त्यांनी मला गाऊन दिला. मी तोंड फिरवून तो बांधायला लागले, आणि नाड्या काही केल्या बांधता येईनात. एका सिस्टरनं मागून बांधून दिल्या. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

वर्षभर मी तिथं जात राहिले. जे तीन वर्षांत शिकले नाही ते त्या गर्दीत, उभ्यानं, तुझ्याबरोबर काम केलेल्या बायांच्या हातावर हात ठेवून शिकले. मॅडम ओरडायच्या. शिकणाऱ्या पोरी थकून भिंतीला टेकायच्या आणि हाक आली की पळायच्या. कुणी चुकलं तर शेजारी कुणीतरी असायचं, चूक बाळापर्यंत पोचायच्या आधी हात धरणारं. पहिल्यांदा माझ्या हातानं अडकलेला खांदा सोडवला त्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. कुणाला तरी सांगायचं होतं. मुदखेडला आले, ट्रंकेतून ती कापडाची बाहुली काढली. तिच्या खांद्याच्या शिवणीवर तू दोरा दुहेरी घातला होतास, फिरवून फिरवून उसवू नये म्हणून. ती एकदाही फिरवली गेली नव्हती.

ती मुलगी, हात दुखावलेली, आता बारावीला आहे. लातूरलाच क्लासला असते. व्यायामानं हात बराचसा सुधारला, पण खांद्याच्या वर जात नाही. दोन वर्षांपूर्वी तिची आई तिला पाळीच्या तक्रारीसाठी, नोकरी सोडून मी लातूरला काढलेल्या दवाखान्यात घेऊन आली. मी ओळखलं. हात धुवायचं निमित्त करून पाठ फिरवली. तिची आई मुलीला म्हणाली, "ह्याच त्या मॅडम. ह्या होत्या म्हणून तू वाचलीस. पाया पड." ती वाकली. तिची वेणी तिच्या आईनं घातलेली होती, कारण तिला एका हातानं ती घालता येत नाही, हे तिच्या आईनंच हसत सांगितलं. मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ज्या सिस्टरनं मला खांद्यानं बाजूला सारलं तिचं नाव सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

हे सगळं मी त्याच संध्याकाळी, चहा झाल्यावर, ताईच्या मुलीला सांगितलं. एवढं सगळं आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ती ओट्यापासून सरकून खाली बसली, मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे रँकिंग बघायचंच नाही का मावशी?"

"बघ ना. मी जिथं शिकले तिथं शिकलेल्या तक्त्यानं बाया वाचल्यात. पण ती यादी कुणाला विचारून केली ते बघ. मग त्या जागी स्वतः जा. मोठ्या डॉक्टरांना भेटू नकोस, ते चांगलंच बोलतील. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना जेवायच्या वेळेला गाठ. त्यांनी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते विचार, आणि चुकल्या तेव्हा शेजारी कोण होतं ते विचार."

"आणि तू त्या मुलीच्या आईला खरं सांगितलंस?"

"नाही."

तिनं वर बघितलं. ताईची आहे ना, बोलायचं ते डोळ्यांनीच बोलते. दुसऱ्या दिवशी निघाली ती घरी गेलीच नाही. आठ दिवस गाड्या बदलत चार हॉस्पिटलं बघून आली. यादीतल्या अगदी वरच्या एका ठिकाणी पोरींना खरंच हाताशी धरून शिकवतात असं तिला आढळलं, ते तिनं पहिलं ठेवलं. त्याच्या खालचं काढूनच टाकलं. नांदेड दुसरं. "आजीची लेबर रूम अजून कुठल्या यादीत नाही गं," फोनवर म्हणाली, "पण मी घातलीय माझ्या यादीत." मी बरं म्हटलं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आई. विचारायची तिला लाज वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. लिहून होईल आणि टेबलाच्या खणात राहील. पण एक गोष्ट तिला फोनवर सांगितली नाही, ती तुला सांगून ठेवते. आज सकाळी दवाखान्याची पाटी नव्यानं रंगवायला रंगारी आला होता. माझं नाव, त्याखाली पदवी, आणि त्याखाली जिथं शिकले त्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव, शहरासकट. ऊन लागून सगळं फिकं पडलं आहे. शिडीवरून त्यानं विचारलं, "मॅडम, ही खालची ओळ ठिवायची का? का दुसरं कायी लिवायचं?" दुसरं काय लिहायचं ते मला माहीत होतं. वेटिंगमध्ये चार बाया बसल्या होत्या, त्यातल्या दोघी तरी ती ओळ वाचूनच आत आल्या असतील. मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, लाल रंगात घेतो मग, लांबून दिसंल. मी हो म्हटलं.